सातवा भाग निघाला होता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि साखरेचं पथ्य असताना खिशात लपवलेली चिक्कीही तिला वासावरून कळते. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही नागावला येऊन आमच्या दारात मासळी घ्याल, याची शक्यता कमी. म्हणून असेल.

आमच्या घरात गोष्ट सांगायचं काम माझं. रविवारी जेवणं झाली की भाऊ, वहिनी, पुतण्या, जावई सगळे पडवीत लवंडतात आणि मी सुरू होतो. शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो — राज्यपाल, बहुमत, अविश्वास ठराव. त्यामुळे मुख्यमंत्र्यांच्या खुनावरची ती सात भागांची कादंबरीमालिका हाती लागली तेव्हा वाटलं, ही खास आपल्यासाठीच लिहिलीय! वर्षाला एक भाग निघायचा. मी वाचायचो, पडवीत रंगवून सांगायचो, आणि खुनी कोण ते दरवर्षी नव्याने चुकायचो. आधी विरोधी पक्षनेता. मग पोलिस आयुक्त. मग — लाज वाटते — राज्यपाल.

हिरामावशी रेवदंड्याच्या बंदरावरून मासळी आणून दारोदार विकणारी कोळीण. तेव्हा पन्नाशीची, सातवी शिकलेली. बांगडे साफ करता करता एकदा तिने ओट्यावरचा पहिला भाग बघितला, हात धुतले, पदराला पुसले आणि उभ्या उभ्याच चार पानं वाचली. "मास्तर, नेऊ का?" मी हसून दिला. कौतुकाने हसलो, असं तेव्हा समजत होतो.

पाच दिवसांत पुस्तक परत. प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेलं आणि तरी सुकटीच्या वासाचं. बायकोने ते दोन दिवस कुंपणाच्या गडग्यावर उन्हात घातलं. पुढचे भागही तसेच गेले, तसेच आले, तसेच वाळले.

तिसरा भाग परत करताना ती म्हणाली, "अर्थमंत्र्याने मारला."

तो म्हातारा? मुख्यमंत्रिपद पायाशी आलं तरी नको म्हणणारा? मी तिला बहुमताचं गणित समजावू लागलो. तिने शांतपणे टोपली डोक्यावर घेतली.

"मास्तर, बंदरावर लिलावात बोंबलतो तो मावरा नेत नाय. ज्याला न्यायाचा असतो तो तोंड फिरवून उभा ऱ्हातो. त्याचं तोंड नको बघू, पाय बघ. पाय ढिगाजवलच असतात. ह्यो म्हातारा खुर्ची नको म्हनतो, पन बंगला सोडतो का?"

ती गेल्यावर मी तिन्ही भाग पुन्हा चाळले. खरंच की! पदांवर पदं नाकारली होती त्याने, पण मुख्यमंत्र्यांच्या शेजारचा बंगला एक दिवससुद्धा सोडला नव्हता. पानोपानी होतं ते. मला का नाही दिसलं?

आणि त्या रविवारी पडवीत मी काय म्हटलं असेल? "मला वाटतं, अर्थमंत्री." मला! लिलावातल्या पायांची गोष्टही सांगितली — जणू मीच रोज पहाटे बंदरावर उभा असतो. (मी रोज पहाटे घोरत असतो.)

सातवा भाग आला तेव्हा पोटात दुखतंय म्हणून दोन दिवस शाळेला दांडी मारली. शेवटची चाळीस पानं राहिली आणि खुनी समोर आला. अर्थमंत्रीच. आणि पकडला कशावरून? बंगल्यावरून. तिने चार वर्षांपूर्वी माझ्या अंगणात, डोक्यावर टोपली घेऊन जे सांगितलं तेच — लेखकाने जणू गडग्याआड बसून ऐकावं आणि लिहावं. मी पुस्तक मिटलं. भरतीच्या वेळी समुद्रासमोर एकटं उभं राहिल्यावर होतं ना, तसं झालं. एवढी बुद्धी रोज माझ्या दारात येऊन बांगडे साफ करून जात होती! त्या क्षणी ती समोर असती तर मी तिच्या पाया पडलो असतो.

पण आधी रविवार आला. मी शेवट सांगितला आणि जावईबापूंनी उठून टाळ्या वाजवल्या. वहिनी म्हणाली, "भावोजी, तुम्ही तर चार वर्षांपूर्वीच ओळखलं होतंत!" मी मान खाली घातली — नम्रतेने, असं सगळ्यांना वाटलं.

सोमवारी हिरामावशी आली. "सातवा आला काय?"

तिने तो वाचला असता, तर ओट्यावर उभी राहून, बायकोच्या देखत म्हणाली असती — बघ, मी म्हनलं नव्हतं? एवढंच. एवढ्याचीच मला भीती वाटली.

"नाही निघणार," मी म्हटलं. "लेखक वारले."

लेखक ठणठणीत होते. त्या मालिकेतला सगळ्यात निर्घृण खून मी केला.

ती पायरीवर बसली. आधी त्या माणसासाठी हळहळली. मग म्हणाली, "मंग माजं बरोबर व्हतं का नाय, ते आता कोन सांगल?"

पुस्तक आत होतं, गाद्यांच्या मागे. एक शब्द पुरला असता. "कोण सांगणार!" मी म्हटलं.

सहा वर्षं झाली. तिच्या नातीच्या मोबाइलवर मिनिटभरात कळलं असतं. तिने बघितलं नाही. मास्तरने सांगितलं होतं ना. मी देऊ केलेली दुसरी पुस्तकंही तिने नेली नाहीत. पण त्या सहा भागांचा विचार काही तिने सोडला नाही. मासळी निवडताना मध्येच थांबायची — राज्यपाल असंल का? विरोधी पक्षवाला? माझ्या एकेका चुकीपाशी ती स्वतःहून येऊन थांबू लागली. आणि मी बघत राहिलो.

परवा सुरमई कापता कापता म्हणाली, "मास्तर, बहुतेक माजंच चुकलं असंल. तू शिकलेला. तू म्हनत व्हतास तसा आयुक्तच असंल."

बायको दारात उभी होती, माझ्याकडे बघत. मी म्हटलं, "असेल, मावशी."

आणि तुकड्या जरा पातळ करायला सांगितल्या.