हाल्वारचा नियम

इंगेगेर्ड नोर्लिंगच्या चुलीवरची शिट्टीची किटली नवी होती. आधीच्या सगळ्या जळून गेल्या. किटली कोकलायची आणि तिचा नवरा हाल्वार शेजारीच पेपर वाचत बसायचा. वर म्हणायचा, "वाजलीच नाही." अशा माणसापुढे कपाळ बडवून घ्यायचं, दुसरं काय!

"अरे, कान दाखवून ये एकदा."

"तुझं बोलणं येतंय ना मला ऐकू?"

"येतं की. सोयीचं तेवढं."

हाल्वार पोस्टातून निवृत्त झालेला. गावच्या पक्षीमंडळात मात्र त्याचा शब्द शेवटचा. हिवाळा लागला की उत्तरेकडून रेशीमशेपटे उतरायचे. डोक्यावर तुरा, शेपटीला पिवळी किनार. ते ज्याला पहिल्यांदा दिसतील त्यानं मंडळाच्या कॉफीला केक कापायचा. पण हाल्वारनं जाऊन खात्री केल्यावरच. आणि त्याचा नियम ठरलेला: आधी आवाज, मग दुर्बीण. उडता थवा लांबून भोरड्यांसारखाच दिसतो, म्हणून ती बारीक किणकिण ऐकू आली तरच खरं.

यंदा शेजारच्या रूटनं फोन केला. हाल्वार गेला, मान खाली घालून कान देऊन उभा राहिला, तोवर थवा छपरांवरून पार. "आवाज नाही. भोरड्याच," म्हणाला. मग शाळेतल्या मास्तरांनी कळवलं. भोरड्या. पाद्रीणबाईंनी कळवलं. त्याही भोरड्याच.

"नोव्हेंबर सरत आला हाल्वार, भोरड्या केव्हाच दक्षिणेला गेल्या. एवढ्या कुठून आल्या?"

"तुला त्यातलं कळत नाही, इंगे."

हे वाक्य ऐकून ऐकून ती विटली होती. गेल्या वर्षी लिंगोनची फळं वेचताना स्प्रूसच्या झाडांत सोनतुरे, ते सुईसारख्या बारीक आवाजाचे चिमुकले पक्षी, ऐकले म्हणून सांगितलं, तेव्हाही हेच. दोन वर्षांपूर्वी भर सभेत, जंगलात आवाजच येत नाही म्हणून, सोनतुरे संपले असं त्यानं जाहीर केलं होतं. तेव्हापासून स्वारीनं जंगलात पाऊल टाकलं नव्हतं. उरलं होतं ते मंडळाचं काम.

आणि परवा दुकानात रूट तिला हळूच म्हणाली, "रागावू नकोस, पण मंडळी म्हणतायत, यंदाच्या सभेत हे खात्री करायचं काम दुसऱ्या कुणाला तरी देऊ या." तेही गेलं तर हा माणूस खिडकीशी बसून झुरणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

सभेच्या दिवशी सकाळी ब्रेड घेऊन येताना वाचनालयासमोरच्या रोवनच्या झाडावर तिनं ती किणकिण ऐकली, नुसता गोंगाट. ती तशीच घरी गेली, नवऱ्याच्या डोक्यावर टोपी चढवली आणि बाही धरून त्याला ओढत आणलं. वाटभर त्याची कुरकुर. "थंडी किती आहे! दुर्बीण तरी घेऊ दे."

"काही नको. वर बघ."

झाड लगडलं होतं. तुरे, पिवळ्या किनारी, लाल फळं ओरबाडणं चाललेलं. एक फळ त्याच्या टोपीवर पडलं. हाल्वार बघतच राहिला. चोची उघडत होत्या, मिटत होत्या.

"गप्प का आहेत हे?" त्यानं विचारलं.

"गप्प? माझे कान किटलेत, हाल्वार."

त्यानं टोपी कानांवरून मागे सारली. तिच्या जिभेवर दोन वर्षांचं साचलेलं होतं, आज सगळं ऐकवायचंच असं ठरवून ती निघाली होती. पण त्याचा चेहरा बघून तिनं त्याची बाही तेवढी घट्ट धरली.

मग तो म्हणाला, "लिंगोनच्या वेळी तू म्हणाली होतीस, सोनतुरे ऐकले म्हणून."

"ऐकले. याही वर्षी ऐकले."

"म्हणजे ते आहेत."

"आहेत रे."

त्याचे डोळे भरून आले आणि वर हा वेडा हसतही होता. बाहीनं नाक पुसून म्हणाला, "रूटला फोन लावतो. केक तिचा."

"आणि कानवाल्याला?"

"त्यालाही लावतो," तो म्हणाला. "पण इंगे, सोनतुरे आहेत."