हळदीची जोडी, कुंकवाची जोडी

आमच्या पंपघराच्या खोलीत खिडकीखाली एक टेबल आहे आणि त्या टेबलावर जेवणाच्या डब्याएवढा एक पांढरा बॉक्स. त्याला मोडेम म्हणतात. तसाच दुसरा बॉक्स गावाबाहेरच्या माळावर, पाण्याच्या टाकीखालच्या पत्र्याच्या पेटीत आहे. मधे हळदीच्या रानांच्या बांधावरून, खांबाखांबानं गेलेली टेलिफोनची जुनी तार. टाकीत पाणी किती झालं ते तिकडचा मोडेम सांगतो, इकडचा ऐकतो आणि टेबलावर आकडा दाखवतो. इकडं पंप चालू झाला की तिकडं कळतं आणि टाकीचा व्हॉल्व्ह उघडतो. लांबचं त्याला जमत नाही. नदीपासून माळापर्यंत, एवढीच त्याची धाव.

लोक विचारतात, मोबाइलच्या जमान्यात तार कशाला? अहो, पंपघर नदीच्या खोलगटात आहे. सिमवालं मशीन आणून बघितलं, थोडे दिवस चाललं आणि बसलं. फोनसुद्धा खिडकीच्या चौकटीत ठेवला तरच बोलतो, उचलला की मुका. म्हणून आमच्या मालकांनी हिंगोलीहून ही जुनी जोडी आणून बसवली. ते या पाणीयोजनेचे ऑपरेटर होते, आणि ही खोली ऑपरेटरला राहायला मिळालेली.

बसवताना ते टाकीखाली, मी टेबलाशी. दोन्ही टोकांना माणूस लागतो, एकट्याचं ते काम नव्हे. बॉक्सच्या पोटात बारीक बटणं असतात. एका मोडेमनं ताल धरायचा, दुसऱ्यानं त्या तालावर चालायचं, म्हणून एकाचं बटण वर ठेवायचं, दुसऱ्याचं खाली. "दोघंबी ताल धरायला लागले तर भजन कसं व्हईल?" हे म्हणायचे. मग चार तारा. दोन तिकडून इकडं बोलायच्या, दोन इकडून तिकडं. तिकडची बोलणारी जोडी इकडं ऐकायच्या भोकात गेली पाहिजे. चुकलं की दोन्ही बॉक्स बोलत राहतात आणि ऐकत कोणीच नाही. घराघरात चालतं तसंच की.

तारा उन्हानं सगळ्या पांढुरक्या पडलेल्या, एकीसारखी एक. खुणेला चिकटपट्टी लावली तर उन्हाळ्यात गळून पडायची. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करताना यांनी मोडेमलाही हळदकुंकू वाहिलं, आणि तिथंच त्यांना सुचलं. तेलात कालवलेली हळद एका जोडीच्या टोकांना, कुंकू दुसरीच्या टोकांना. इकडंही तसंच, टाकीखालीही तसंच. हळदीची जोडी तिकडून इकडं बोलणारी, कुंकवाची इकडून तिकडं. दरवर्षी खंडेनवमीला खूण ताजी व्हायची.

तारा बसल्या की ते तिकडून फोनवर विचारायचे, "आलं का?" इकडं हिरवा दिवा लागून आकडा उमटला की मी म्हणायची, "आलं." "बराबर बघ." "आलं म्हणते ना, किती डोकं खाता!" नवराबायकोचं आमचं निम्मं बोलणं हेच असायचं.

उन्हाळ्यात ते गेले. हळद शिजवायचे दिवस होते. शेजारच्या रानात कढईपाशी गप्पा मारत उभे होते, छातीत कळ आली आणि खाली बसले. दवाखान्यात न्यायच्या आतच संपलं. मी रडले नाही. बायका म्हणाल्या, "रड गं माय, मोकळी हो." मी त्यांना चहा करून दिला. मला खरंच काही वाटत नव्हतं. भूक नाही, राग नाही, भीतीही नाही. हातपाय आपापली कामं करत होते आणि मी त्यांच्याकडं बघत होते.

दहाव्याला माझं कुंकू पुसलं. ते आत्याबाईंनीच पुसलं, म्हणजे माझ्या सासूबाईंनी. त्यांचं स्वतःचं कपाळ तरणेपणीच मोकळं झालेलं. तरी पदराच्या टोकानं त्यांनी माझं कपाळ पुसलं, कडेचा डागही ठेवला नाही. जे करायचं ते नीट करायचं, हा त्यांचा स्वभाव. मग त्यांनी हळदकुंकवाचा करंडा माळ्यावर टाकून दिला.

योजनेचे सुपरवायझर साहेब भेटायला आले होते. म्हणाले, "वहिनी, तुमाला सगळं येतंय. त्यांच्या जागी तुमीच चालवा." मी मान हलवली. आणि दहावा झाला त्याच संध्याकाळी टेबलावरचा आकडा गेला. लाल दिवा लागला, तो लागलाच.

मग मी रोज माळावर जाऊन, व्हॉल्व्ह हातानं उघडून, टाकीची शिडी चढून आत डोकावायला लागले. तोवर इकडं पंप चालूच. एके दिवशी टाकी ओसंडून वाहिली, दुसऱ्या दिवशी गावाला घोटभर पाणी नाही. नळापाशी कुणीतरी मला ऐकू जाईल असं म्हणालं, "आडातच न्हाई तर पोहऱ्यात कुठून येणार!" म्हणजे मला मुळात काही येतच नाही. साहेब परत आले. माणूस वाईट नव्हता, बोलताना माझ्याकडं बघत नव्हता. "सोमवारपर्यंत लाइन चालू झाली पाहिजे, वहिनी. न्हाई तर मला दुसरा ऑपरेटर आणावा लागतो. अन् खोली ऑपरेटरची असते, तुमाला माहीतच हाय."

माहीत होतं. गावात आमचं घर नाही, माहेरी कुणी उरलेलं नाही. आत्याबाईंना घेऊन मी जाणार होते कुठं? हा विचार मी करत होते, पण दुसऱ्या कुणाबद्दल करावा तसा.

बॉक्सच्या तोंडावर चाचणीचं बटण आहे. ते दाबलं की मोडेम स्वतःच हाक मारतो आणि स्वतःच ऐकतो. दाबलं, हिरवा दिवा लागला. टाकीखाली जाऊन तिकडचंही दाबलं, तिकडंही हिरवा. म्हणजे दोन्ही बॉक्स धड होते. तार तुटली असेल म्हणून बांधाबांधानं सगळे खांब बघत आले. तार अखंड. परत येऊन टेबलाशी बसले, तेव्हा कुठं माझं लक्ष गेलं. तारांची टोकं स्वच्छ होती. बॉक्सही स्वच्छ, नव्यासारखा.

"आत्याबाई, हे कुणी पुसलं?"

"मीच. काहून?" त्या भाजी निवडत होत्या. "दहाव्याला घरातलं समदं कुंकू पुसलं. देवळीतलं पुसलं, उंबऱ्याचं पुसलं, त्याचं तेवढं ठेवायचं व्हतं का? साबण लावून काथ्यानं घासलं."

"तारा निघाल्या होत्या?"

"समद्या निघाल्या. पण मी परत बसवल्या. बराबर बसवल्या, एकबी बाहेर ठेवली न्हाई."

मला राग यायला पाहिजे होता. दुसऱ्या वेळी मी खोली डोक्यावर घेतली असती. मी फक्त सांगितलं की लाइन त्यानं बंद पडली, खोली त्यानं जाणार आहे. आत्याबाईंच्या हातातली भाजी तशीच राहिली. "करायला गेले एक अन् झालं भलतंच," त्या म्हणाल्या.

टाकीखालच्या पेटीत यांच्या खुणा तशाच होत्या. तिथली हळदीची जोडी एकमेकींना पिळून ठेवायची आणि इथं यांच्या तार तपासायच्या मीटरच्या दोन सुया दोन-दोन तारांना लावून बघायच्या. ज्या दोन तारांवर काटा हलेल, ती हळदीची जोडी. उरलेली कुंकवाची. पण तिकडं मी गेले तर इकडं कोण?

मी इकडच्या चारही तारा सोडवल्या, मीटर लावून दाखवला, स्क्रू कसा आवळायचा ते दाखवलं. यांचा फोन खिडकीत ठेवला, तिथंच स्पीकर लावायला शिकवलं. "हलवू नका." आत्याबाई म्हणाल्या, "म्या काय लेकरू हाय का?"

टाकीखाली पोचून तिथल्या तारा काढल्या, हळदीच्या दोन पिळल्या आणि फोन लावला. पडद्यावर 'मालक' असं उमटलं. नाव मी काढलं नव्हतं.

"लावा सुया."

"न्हाई हलला... न्हाई... थांब... न्हाई." मधेच खरखर, मग आवाज गेला, मग परत आला. "हलला! हलला गं, काटा हलला!"

"त्या दोन सोडू नका. त्यांच्या टोकांना हळद लावा, परत मिसळतील नाहीतर."

"सैपाकातली?"

"चालेल. तेलात कालवून."

डब्याचं झाकण वाजलं. "लावली."

"आता उरलेल्या दोघींना कुंकू."

तिकडं हळदीच्या डब्याचं झाकण परत लागलं.

"तू ये," आत्याबाई म्हणाल्या. "तूच लाव."

"मी इथून हलले तर हे कोण बघणार?"

"आपल्या दोघींपैकी कुणी लावायचं गं ते?"

"आत्याबाई, तारेला लावायचंय. कपाळाला नाही."

असं मी का बोलले, माहीत नाही. खरं तर कुंकवाची गरज नव्हती. दोन ओळखल्या की उरलेल्या दोन आपोआप कळतातच. पण ते पुसलेलं पुन्हा जागेवर असावं, एवढं मला हवं होतं. किती दिवसांत मला काही हवंसं वाटलं नव्हतं.

स्टूल ओढल्याचा आवाज आला, मग माळ्यावरचं काहीतरी खाली पडल्याचा. मग बराच वेळ फक्त वारा. टाकीखाली सावली होती, पत्रा तापून कडकड करत होता.

"लावलं," त्या म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता.

मी सांगत गेले, त्या करत गेल्या. हळदीच्या डाव्या भोकांत, कुंकवाच्या उजव्या. स्क्रू आवळताना मला आणि स्क्रूला दोघांनाही शिव्या बसल्या. टाकीखाली मी पीळ सोडवला, तारा जागेवर बसवल्या, वीज दिली. लाल दिवा लागला. लुकलुकला. मग हिरवा झाला आणि हिरवाच राहिला.

मी काही विचारायच्या आत फोनमधून आवाज आला.

"आलं! आलं गं, आकडा आला!"

पडद्यावर अजून 'मालक' होतं. माझ्या तोंडून निघालं, "बराबर बघा."

"आलं म्हणते ना!"

मी तिथंच, टाकीच्या खांबाला पाठ लावून खाली बसले आणि रडले. मोठ्यानं रडले. पलीकडं आत्याबाईंनी फोन ठेवला नाही.

वाटेत साहेबांचा फोन आला. गावात पाणी आलं होतं. "वहिनी, सोमवारचं विसरा. राहा तुमी खोलीत." मी बरं म्हणाले.

घरी आले तर आत्याबाई टेबलापाशीच बसलेल्या. सैपाक नाही, चहा नाही. समोर उघडा करंडा, आणि उजव्या हाताची दोन बोटं हवेत धरलेली. एक पिवळं, एक लाल.

"अशा काहून बसल्या?"

"तुझे सासरे गेल्यापासून पहिल्यांदा लागलं बोटाला," त्या म्हणाल्या. सून म्हणून मी या घरात आल्यापासून काही करायच्या आधी त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं, ते आता विचारलं. "धुवू का गं?"

"नका धुवू," मी म्हणाले.