रुईची माळ

बाबांचा गुडघा सुजला आणि माझा देवावरचा विश्वास डळमळला. बाबांनी जूचंद्रच्या मिठागरात उभी हयात घालवली. दर शनिवारी बांधावरची रुई तोडून ते मारुतीला माळ करायचे. आता चंदनसारच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरून त्यांना खाली उतरवेना. तेल लावून गरम केलेलं रुईचं पान आई रात्री गुडघ्यावर बांधायची. तेवढ्यापुरता ठणका कमी व्हायचा. एवढ्या सेवेचं हेच फळ का, असं मला वाटायचं. घरातली पहिली पदवीधर मी, पण याचं उत्तर मला कुठे सापडलं नव्हतं.

तरी एका शनिवारी बाबांसाठी म्हणून मी रस्त्याकडेच्या माळावर रुई आणायला गेले. गवत करपलेलं, जमीन भेगाळलेली, आणि रुई मात्र जांभळट फुलांनी लगडलेली. निघताना बाबांनी बजावलं होतं, "चीक लागला हाताला तं डोल्याला हात लावू नको गो." घाम डोळ्यांत उतरला आणि मी नेमका तोच हात फिरवला.

डोळ्यात निखारा पडावा तशी आग झाली. जवळची पाण्याची बाटली रिकामी, आसपास माणूस नाही. डोळा गेला, असंच वाटलं. मी खाली बसले आणि म्हणाले, "मारुतीराया, आता तुझ्यावर सोडलं."

तेवढ्यात हॉर्न वाजला. पाण्याचा टँकर होता. ड्रायव्हर धावत आला. काय झालं ते कळताच त्याने पाइप सोडला.

"ताई, चोळू नका. वाहू दे पाणी, टाकी फुल आहे."

"तुमच्या गिऱ्हाइकाचं पाणी..."

"गिऱ्हाईक शिव्या देईलच. रस्ता चुकून तासभर फिरतोय मी!"

मला दवाखान्यात सोडताना त्याने रुईची पिशवी आठवणीने माझ्या हातात दिली. लगेच भरपूर पाण्याने धुतला म्हणून डोळा वाचला, असं डॉक्टर म्हणाले. त्या ड्रायव्हरचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

घरी आले तेव्हा डोळ्यावर पट्टी होती. बाबांनी माळ ओवली, जिन्याचा कठडा धरला आणि एकेक पायरी उतरू लागले. मी अडवलं, तर म्हणाले, "आज मलाच जावला पायजे."

गुडघा अजून दुखतो. शनिवारी आम्ही दोघं सावकाश देवळात जातो. माळ घालताना मी आता काही मागत नाही. हात जोडते, आणि त्या रस्ता चुकलेल्या माणसाला सुखी ठेव म्हणते.