मामांच्या नजरेचे आकडे

दुष्काळ नुकताच सरला होता, तेव्हा मी सोलापुरातल्या एका विटांच्या कारखान्यात नोकरीला लागलो. घर बांधायच्या विटा नव्हेत. लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्यांना आतून लावतात त्या, आग सोसणाऱ्या. मी माढ्याच्या एका शाळामास्तरांचा मुलगा, नुकताच बी.एस्सी. झालेला. विटा भाजायची भट्टी पेटलेली असेल तेवढे दिवस सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत दर तासाला आतलं तापमान मोजायचं आणि वहीत लिहायचं, हे माझं काम. रात्री भट्टी कामगारांच्या अंदाजावर चाले.

तापमान मोजायला एक दुर्बिणीसारखं यंत्र होतं. त्यात बॅटरीवर तापणारी बारीक तार असायची. भट्टीच्या दारातल्या भोकाचं बूच काढायचं, यंत्र डोळ्याला लावायचं आणि बटण फिरवत राहायचं. तारेचा उजेड आणि आतल्या विटांचा उजेड सारखा झाला की तार दिसेनाशी होई. त्या क्षणी काटा दाखवील तो आकडा खरा.

यंत्र येण्याआधी वीस वर्षं हे काम भट्टीवरचे मुख्य फायरमन करत, नुसत्या डोळ्यांनी. सगळे त्यांना मामा म्हणत. अक्कलकोटकडचे, पन्नाशीतले, घरी कन्नड आणि आमच्याशी मराठी बोलणारे. यंत्र आलं आणि मामांचं भोकातून बघणं थांबलं. ते कोळसा घालत, हवा कमीजास्त करत आणि माझा आकडा ऐकून मान डोलवत. भट्टी पेटली की रात्रीही तेच तिथं मुक्कामाला असत.

तिसऱ्या महिन्यात ते यंत्र माझ्या हातून पडलं. दुपारची वेळ होती, हाताला घाम सुटलेला, आणि ते खालच्या फरशीवर आपटलं. उचलून बघितलं तर आतली काच तडकलेली, तार तुटलेली. मामा जेवायला गेले होते, दुसरं कुणी आसपास नव्हतं. माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती आणि वडिलांनी गावभर पेढे वाटले होते. मी यंत्र पुसून पेटीत ठेवलं.

मामा परत आले तेव्हा एकचा आकडा लिहायचा राहिला होता. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, यंत्र नव्हतं तेव्हा तुम्ही नजरेनं सांगत होता म्हणे, आता किती असेल? मामांनी बूच काढलं, डोळे बारीक करून आत बघितलं आणि म्हणाले, "अकराशेच्या वर चाळीस. पन्नास न्हाई."

मी वहीत ११४० लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सांगून टाकायचं असं मी रात्री ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी मॅनेजर साहेब पाहुण्यांना घेऊन भट्टीवर आले, मी घाबरून ते मेलेलं यंत्र डोळ्याला लावून उभा राहिलो आणि मामांनी आधी सांगितलेला आकडा मोठ्यानं वाचला. त्यानंतर सांगायची वेळ निघूनच गेली. रोज तेच. मी यंत्र डोळ्याला लावायचा, बटण फिरवायचा आणि हळूच विचारायचा, "मामा, तुमच्या नजरेनं?" मामा बघायचे. पूर्वी ते दिवसातून दोन-चारदा ओझरतं बघत असतील. मला दर तासाला आकडा लागायचा, नक्की लागायचा, म्हणून ते त्या भोकापाशी मिनिट मिनिट उभे राहायचे. डोळ्यांतून पाणी यायचं. खांद्यावरच्या पंच्यानं पुसून पुन्हा बघायचे.

असे आठ महिने गेले. एकामागून एक सात भट्ट्या लागल्या, सगळ्या चांगल्या निघाल्या. विटा घेणाऱ्या कंपनीचा माणूस तपासणीला आला, वही चाळून म्हणाला, इतक्या नियमित नोंदी आम्ही कुठं बघितल्या नाहीत. साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मामा तिथंच फावडं टेकून उभे होते. त्याच महिन्यात मी कायम झालो.

आठवी भट्टी बिघडली. दार फोडलं तर आतल्या विटा वितळून एकमेकींना चिकटलेल्या, काळ्या काचेसारख्या चकाकत होत्या. माझ्या वहीत शेवटचा आकडा बाराशे साठ होता. आत त्याहून पुष्कळ जास्त झालं असणार, हे पोरालाही कळलं असतं. साहेबांनी आम्हा दोघांना ऑफिसात बोलावलं. वही उघडून म्हणाले, दिवसाच्या नोंदी बरोबर आहेत, म्हणजे रात्री कोळसा जास्त पडला. मामांकडे बघून विचारलं, "रात्री झोपला होता काय?"

मामा म्हणाले, "न्हाई साहेब." एवढंच. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मी वहीकडे बघत होतो. त्या वेळी दोन वाक्यं बोललो असतो तर पुरे होतं.

मामांना भट्टीवरून काढून माती कालवायच्या कामावर टाकलं. तिथं पाच-सहा दिवसांत सगळ्यांच्या लक्षात आलं की त्यांना नीट दिसत नाही. सरळ चालताना घमेल्याला अडखळायचे. सरकारी दवाखान्यात दाखवलं तेव्हा दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. डॉक्टरांनी सांगितलं, आगीकडं बघून बघून होतो हा. किती वर्षं बघताय? मामांनी वीस सांगितली. हे मला दुसऱ्या कामगाराकडून कळलं आणि मनात पहिला विचार आला तो हा, की वीस वर्षांत माझे आठच महिने. हा विचार मला किती हलका करून गेला, ते आज लिहितानाही लाज वाटते. मोतीबिंदूनं उजेड मंद दिसतो, म्हणून मामा कमी आकडा सांगत होते, हेही मला तेव्हाच उमगलं.

सुट्टीच्या दिवशी मी भवानी पेठेत त्यांच्या खोलीवर गेलो. शेजारी हातमाग चालू होता, त्याच्या आवाजात सगळं सांगितलं. यंत्र पडल्यापासूनचं. मामा भिंतीला टेकून ऐकत होते. म्हणाले, "मला ठावं हाय."

कसं काय, मी विचारलं.

"यंत्राला दर महिन्याला नवी बॅटरी लागायची. स्टोअरातनं मीच आणून द्यायचो की. आट महिने तुमी बॅटरी मागितली न्हाई."

मग बोललात का नाही, असं मी विचारलं. "यंत्र आल्यावर मला कुनी इचारंना झालतं. तुमी इचारायला लागला. बरं वाटायचं." मग म्हणाले, "एक काम करा. सायबाला सांगा, सात भट्ट्या मामाच्या नजरेवर निघाल्या. झोपला न्हवता म्हनावं."

मी सांगतो म्हणालो. अकरा दिवस लागले मला. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, उठून दार लावलं आणि म्हणाले, त्या नोंदींवर माल गेलाय, आता हे बाहेर पडलं तर कंपनी सगळा माल परत करील. तुम्ही बोललात, मी ऐकलं, इथंच संपलं. नवं यंत्र मागवतो. मामांना भट्टीवर परत घ्या, असं मी म्हणायला हवं होतं. मी "बरं साहेब" म्हणालो. बाहेर आलो तेव्हा नोकरी वाचली म्हणून मला चक्क भूक लागली होती. समोरच्या हॉटेलात जाऊन मी दोन प्लेट भजी खाल्ली.

मामांकडे मात्र पुन्हा गेलो नाही. त्यांचं ऑपरेशन झालं, ते काम सोडून गावाकडे गेले, हे कानावर आलं.

दोन-तीन वर्षांनी सोलापूरच्या स्टँडवर ते दिसले. जाड भिंगाचा चष्मा, शेजारी बायको, पायाशी पिशवी. मी तोंड चुकवून जाणार होतो, पण माढ्याची गाडी त्यांच्या समोरच लागली होती. मी पुढे होऊन बोललो. आवाजावरून त्यांनी लगेच ओळखलं. प्रकृतीचं, पावसाचं बोलणं झालं, मग त्यांनी विचारलं, "सायबाला सांगितलं का?"

"सांगितलं," मी म्हणालो.

"काय म्हनले?"

"म्हणाले, चूक झाली आपली. मामांसारखी नजर पुन्हा मिळायची नाही."

मामा हसले. बायकोकडे वळून ते कन्नडमध्ये बराच वेळ काही सांगत राहिले. मला कन्नड येत नाही. त्या माउलीनं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बघून हात जोडले. मीही जोडले. कंडक्टर ओरडायला लागला तेव्हा गाडीत चढलो आणि त्यांच्याकडे पाठ होईल अशी जागा बघून बसलो.