कोरडे मास्तर

माझ्या नवऱ्याची दारू सोडवायला येणारा शिंपी एकेकाळी स्वतःच अट्टल दारुडा होता, हे कळल्यापासून मी त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायची. गल्लीने त्याचं नाव ‘कोरडे मास्तर’ ठेवलं होतं. माझा नाही बाई विश्वास. चहा देताना मी मुद्दाम वाकून त्याच्या तोंडाचा वास घ्यायची.

एकदा तो नवऱ्याच्या शर्टाकडे बघतच राहिला. “वहिनी, इस्त्री कोण करतं?”

“हेच. हल्ली रोज तासभर करतात.”

“तरी शर्ट चुरगळलेला? कपड्यांवर पाणी शिंपडायची बाटली बघा जरा.”

झाकण उघडताच भपकारा आला. नवऱ्याने मान खाली घातली. माझं डोकं सणकलं. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक!

“तुम्हीच शिकवलंत ना यांना?”

“नाही. पण माझ्या दुकानातही ती अशाच बाटलीत असायची.”

“मग ओता तुम्हीच बेसिनमध्ये!” मी बाटली पुढे केली.

तो झटकन मागे सरला. “तुम्ही ओता. मी बाहेर थांबतो. इतकी वर्षं झाली, पण माझा माझ्यावर अजून भरवसा नाही.”

बेसिन धुऊन मी त्याला आत बोलावलं. त्या दिवशी चहा देताना मी वाकले नाही.