लेसरची नळी

त्या वर्षी माझी बदली इंजिनिअर्सच्या एका कंपनीत झाली. डोंगरातून रस्त्यासाठी बोगदा खणायचा होता. मी हवालदार, सर्व्हेचं काम बघणारा. माझ्या ताब्यात लेसर आला. सुट्टीवर कोल्हापुरात सांगितलं की लोक विचारायचे, "त्यानं माणूस जळतोय व्हय?" अरे, कागद जळत नाही त्यानं! पोलाद कापतो तो कार्बन डाय-ऑक्साइडचा लेसर. आमचा हेलियम-निऑनचा. हातभर काचेची नळी, आत हे दोन वायू, अगदी विरळ. मोठ्या व्होल्टेजची वीज सोडली की हेलियमचे अणू ऊर्जा घेतात आणि धडकून ती निऑनला देतात. निऑन तांबडा उजेड सोडतो. दोन टोकांच्या आरशांमध्ये तो मागंपुढं होत जोर धरतो आणि एका आरशातून थोडा बाहेर पडतो. सुतासारखा सरळ.

लेसर भिंतीला ब्रॅकेटवर बसवलेला. पुढं भोक पाडलेली लोखंडी पट्टी. भोकातून गेलेला किरण समोरच्या खडकावर लाल ठिपका पाडायचा, त्यावरून खोदाईची दिशा धरायची. माझा जोडीदार नाईक रसूल, कबनूरचा. त्याला मी रोज बजावायचो, "तू पडलास तरी चालंल, नळी पडू देऊ नको."

"बायको हाय व्हय तुझी ती?" म्हणून तो हसायचा.

एका सकाळी किरण भोकातून जाईना. ब्रॅकेट सरळ केला. चहा होईपर्यंत किरण पुन्हा सरकला. बोल्ट तर घट्ट. ब्रॅकेट नव्हे, भिंतच सरकत होती. मी मेजरसाहेबांना फोन लावला.

"सर, भिंत हलतेय."

"सगळे बाहेर. ताबडतोब."

आम्ही बोगद्याच्या तोंडाशी पोचलो. रसूल नव्हता, वाटेतूनच परत आत गेला होता. तेवढ्यात तिथला फील्ड टेलिफोन वाजला, आतून रसूल बोलत होता.

"नळी काढतोय. आलोच."

"सोड ती! बाहेर ये, रसूल!"

"एकच बोल्ट ऱ्हायलाय की."

मग आतून धडधडाट झाला आणि फोन बंद पडला.

संध्याकाळी त्याला बाहेर काढला. लेसर त्यानं जर्सीत गुंडाळून पोटाशी धरला होता. नळी शाबूत होती. चौकशीत माझं कौतुक झालं, वेळेत ओळखलं म्हणून बाकीचे वाचले. मला मान वर करवत नव्हती. रसूलला मीच मारला, असं मला आजही वाटतं.

सुट्टी मिळाल्यावर कबनूरला गेलो. शेजारी यंत्रमाग खडखडत होते. त्याच्या आईनं चहा दिला आणि समोर बसली.

"परत आत कशाला गेलता त्यो?"

"लेसरची नळी आणायला, चाची. काचेची."

"दुसरी मिळत न्हवती व्हय?"

त्या माउलीपुढं खोटं बोलवेना.

"मिळत हुती, चाची."