तव्यावरचा जाळ

“बेंकी! आग!” असं कानडी-मराठीत ओरडत मी पळाले ती थेट हॉटेलच्या बाहेर रस्त्यावर. कडेवर बाळ होतं. तिथं कळलं, पुट्टी आतच राहिली, माझी थोरली, पाच वर्षांची, त्या तव्यासमोरच्या खुर्चीत.

ह्यांनी देवराज मोहल्ल्यातल्या आमच्या दुकानात त्या जपानी हॉटेलच्या आचाऱ्यांचे कोट शिवले, म्हणून मालकानं दुपारी जेवायला बोलावलेलं. आधी काकडी घातलेल्या गार भाताच्या वळकट्या आल्या, सुशी म्हणतात. मग आचारी आमच्या पुढ्यातच तव्यावर भात परतायला लागला, आणि तेल ओतून मुद्दाम एवढा मोठा जाळ केला, छतापर्यंत. मला कुठं माहीत?

धावत परत आत गेले तर सगळे हसत होते. हे म्हणाले, “अय्यो, खेळ असतो गं तो, बस की खाली!”

पुट्टी हसत नव्हती. मी घास पुढं केला, तिनं तोंड फिरवलं. म्हणाली, “अम्मा, तू बाळालाच घेऊन पळालीस.”

आता मार्केटात गेलो तरी ती ह्यांचंच बोट धरते. बाळ कडेवर होतं, पाय आपोआप पळाले, हे तिला कसं सांगू? तुम्ही असता तर काय केलं असतं?